स्वर्ग, नरक आणि देवळाची पायरी

कोणत्याही जुन्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, की त्याच्या पायऱ्यांवर, फरशीवर आणि खांबांवर नवी अक्षरे दिसू लागतात. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ ही ती अक्षरे होत. कोणी वडिलांच्या नावे घंटा देतो, कोणी आईच्या नावे फरशी बसवितो, तर कोणी अकाली गेलेल्या मुलाच्या नावे एखादी पायरी घालतो. नवे देऊळ बांधण्यापेक्षा जुने सावरण्याचे पुण्य अधिक, अशी समजूत पूर्वापार चालत आली आहे. ते पुण्य देणाऱ्यापुरतेच राहत नाही, गेलेल्या माणसालाही पोचते, ही श्रद्धा त्या अक्षरांच्या मुळाशी आहे.

पण पोचते म्हणजे नेमके कोठे? गेलेला माणूस आता कोठे आहे? तो सुखात आहे की यातनेत? आणि मागे राहिलेल्यांनी केलेल्या कशाचा त्याला उपयोग होतो काय? मानवजातीने ह्या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली. विशेष हे, की त्यांपैकी बहुतेक उत्तरे शोधण्यासाठी झरीच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. परभणी-जिंतूर वाटेवरील ह्या गावाच्या एका बाजूस जिंतूरच्या नेमगिरीवर जैनांची लेणी आहेत, तर दुसऱ्या बाजूस परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा आहे. दक्षिणेस गंगाखेडला गोदावरीचा घाट आहे. पुढे नांदेडला शिखांचे सचखंड, हिंगोलीकडे नरसी नामदेव आणि मराठवाड्याच्या वायव्य टोकाला अजिंठा. ह्या सर्व ठिकाणी मरणोत्तर गतीविषयी माणसाने केलेला विचार कोठे दगडात, कोठे रंगात, तर कोठे रिवाजात जपलेला आहे.

वेदांपासून पुराणांपर्यंत

आज यम म्हटला की रेडा, पाश आणि चित्रगुप्ताची वही डोळ्यांपुढे येते. ऋग्वेदातील यम मात्र असा भयंकर नाही. मर्त्यांपैकी परलोकाची वाट प्रथम शोधून काढणारा तो वाटाड्या होय. त्याच्या लोकी पितर आनंदाने राहतात. त्या वाटेवर चार डोळ्यांचे दोन कुत्रे राखण करतात, एवढीच काय ती भीती. दुष्टांसाठी खोल अंधाराच्या गर्तेचा उल्लेख येतो, परंतु नरकाचे सविस्तर वर्णन नाही. ‘नारक लोक’ हा शब्द अथर्ववेदात दिसू लागतो. शतपथ ब्राह्मणात वरुणपुत्र भृगू परलोक पाहावयास जातो, तेव्हा माणसे माणसांना तोडून खात असलेली त्याला दिसतात. इहलोकी ज्यांना खाल्ले ते तेथे उलट खातात, असा त्या दृश्याचा अर्थ त्याला सांगण्यात येतो. केलेले कर्म परत येते, ही कल्पना येथे प्रथमच इतक्या उघड रूपात पुढे येते.

उपनिषदांनी देवयान आणि पितृयान असे दोन मार्ग सांगितले व पुनर्जन्माचा सिद्धान्त मांडला. स्मृती-पुराणांच्या काळी नरकांची गणती सुरू झाली. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात एकवीस नरकांची नावे आहेत. ती कोणत्या संदर्भात आली आहेत, हे देवळासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शास्त्र मोडून वागणाऱ्या लोभी राजाकडून जो दान घेतो, त्याला एकामागून एक ह्या एकवीस नरकांतून जावे लागते, असे तेथे म्हटले आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात ही संख्या अठ्ठावीसवर गेली आहे. गरुडपुराणाने तर मृताचा वर्षभराचा सारा प्रवासच रेखाटला. वाटेत सोळा नगरे, पुढे वैतरणी नदी, आणि मुलाबाळांनी महिन्यामहिन्याला दिलेला पिंड हीच त्या वाटसरूची शिदोरी. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत ताटकळणारी मंडळी, सुतकाच्या दिवसांतील गरुडपुराणाचे वाचन आणि भाद्रपदातला पितृपंधरवडा ही सर्व ह्याच श्रद्धेची रूपे होत. परभणी जिल्ह्यातील माणसे अस्थी घेऊन गोदाकाठी जातात, तीही ह्याच ओढीने.

दिवाळीतही ह्या कल्पनेचा अंश उरला आहे. धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवतात. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे अभ्यंगस्नान न करणारा नरकात जातो, असे म्हणून थंडीत मुलांना उठविले जाते. नरकाशी मराठी मुलाची पहिली ओळख होते ती बहुधा अशी, उटण्याच्या वासाबरोबर.

मात्र एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. पुराणांतील नरक कितीही घोर असला तरी तो कायमचा नाही. पापाचा भोग संपला, की जीव पुन्हा जन्माला येतो. तो तुरुंग आहे, कबर नव्हे.

नेमगिरी आणि अजिंठा

नेमगिरीवर ज्या तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, त्यांच्या धर्माने नरकाचा विचार फार बारकाईने केला. जैन मतानुसार पृथ्वीखाली रत्नप्रभेपासून महातमःप्रभेपर्यंत सात नरकभूमी आहेत. तेथे यमाचा दरबार भरत नाही आणि कोणी न्यायाधीशही बसत नाही. आपलेच कर्म आपल्याला त्या भूमीपर्यंत ओढून नेते. पिंड, दक्षिणा किंवा शिफारस ह्यांचा तेथे इलाज चालत नाही. परंतु तेथील आयुष्य कितीही दीर्घ असले तरी त्यालाही शेवट आहे. महावीरांचा भक्त असलेला मगधाचा राजा श्रेणिक ह्याला पूर्वी बांधलेल्या कर्मामुळे पहिल्या नरकात जावे लागले, पण तोच पुढील कालचक्रात पहिला तीर्थंकर होणार आहे, असे जैन ग्रंथ सांगतात. आज नरकात असलेला जीव उद्याचा वंदनीय ठरू शकतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत डाव्या भिंतीवर भवचक्राचे चित्र आहे. वाकाटक राजा हरिषेण ह्याच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकात, हे लेणे खोदले गेले. देव, मनुष्य, पशू आणि नरकवासी हे सारे एकाच चाकात फिरत असल्याचे हे चित्र विहाराच्या दाराशी काढलेले आहे. बौद्ध ग्रंथांत आठ उष्ण नरक सांगितले असून त्यांतील सर्वांत खालचा अवीची होय. पाली सुत्तांत यमराजाचा एक मार्मिक प्रसंग आहे. पापी माणूस समोर आला म्हणजे यम त्याला एवढेच विचारतो, की तुझ्याकडे पाठविलेले दूत तुला भेटले नाहीत काय? ते दूत म्हणजे नुकते जन्मलेले मूल, वाकलेला म्हातारा, अंथरुणाला खिळलेला रोगी, शिक्षा भोगणारा अपराधी आणि प्रेत. रोज डोळ्यांसमोरून जाणारी ही माणसे तू पाहिलीस आणि तरी कशी आठवण झाली नाही, एवढाच यमाचा प्रश्न असतो.

दोन पूल

हिंदुस्थानच्या पश्चिमेकडे उगम पावलेल्या धर्मांत पुनर्जन्माऐवजी एकदाच होणाऱ्या न्यायनिवाड्यावर भर आहे. पारशी धर्मानुसार मृताचा आत्मा तीन रात्री देहाजवळ राहतो आणि चौथ्या दिवशी पहाटे चिन्वत पुलापाशी येतो. सज्जनाला तो पूल रुंद होतो, दुर्जनाला पात्याच्या धारेसारखा. स्वतःचे आचरणच तेथे सुंदर कन्येच्या किंवा कुरूप स्त्रीच्या रूपाने सामोरे येते. परंतु जगाच्या शेवटी सारी सृष्टी शुद्ध होऊन नरकही उरणार नाही, अशी त्या धर्माची आशा आहे.

इस्लाममध्येही पुलसिरात आहे. तो केसाहून बारीक आणि तलवारीहून धारदार असल्याचे सांगतात. दफनानंतर कबरीत मुनकर व नकीर हे दोन फरिश्ते येऊन तुझा रब कोण, तुझा दीन कोणता, तुझा नबी कोण असे विचारतात. पुढे कयामतपर्यंतचा बरजखचा काळ, मग हिशेब, आणि त्यानंतर जन्नत किंवा जहन्नम. असे असूनही अल्लाच्या रहमतीचे व पैगंबरांच्या शफाअतीचे दार उघडे मानलेले आहे. शब-ए-बारातच्या रात्री मुसलमान मंडळी कबरस्तानात जाऊन गेलेल्यांसाठी दुवा मागतात. पितृपंधरवड्यातल्या मनाशी त्या रात्रीच्या मनाचे नाते ओळखावयास कोणी पंडित लागत नाही.

कोकणात शतकानुशतके राहिलेल्या मराठी भाषक बेने इस्रायल समाजाच्या ज्यू धर्मात गेहिन्नोममधील शुद्धीची मुदत फार तर बारा महिने मानतात. आईबापांसाठी मुले कद्दिश ही प्रार्थना म्हणतात, ती मात्र अकराच महिने. पूर्ण बारा महिने म्हटली, तर आपले आईबाप अगदी पापी होते असे जगासमोर कबूल केल्यासारखे होईल! परलोकाच्या हिशेबात मुलाने आईबापांची अब्रू राखावी, ही त्यामागची भावना आहे.

ख्रिस्ती धर्मात स्वर्ग आणि नरक ही दोन्ही शाश्वत मानली आहेत. रोमन कॅथलिक पंथाने त्यांच्या दरम्यान शुद्धिस्थानाची कल्पना मांडली, आणि दर वर्षी २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना होते. १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ हा ग्रंथ मराठी ओवीत रचला व तो १६१६ मध्ये छापला गेला. परक्या देशाचा धर्म येथील माणसाला सांगावयाचा, तर येथलीच भाषा आणि येथलाच छंद घ्यावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. गोव्याचे ख्रिस्ती बांधव आजही नरकाला ‘यमकोंड’ म्हणतात. धर्म बदलला तरी त्यांच्या नरकाच्या नावातून यम काही गेला नाही.

नरकातून परत न फिरणारे

नरकांची संख्या, मुदत आणि यातना ह्यांबाबत धर्माधर्मांत एवढा फरक असला तरी एका ठिकाणी त्यांच्या कथा एकमेकींना भेटतात. महाभारताच्या स्वर्गारोहण पर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तो तेथे दुर्योधन बसलेला! आपले भाऊ कोठे आहेत असे विचारल्यावर दूत त्याला नरकाच्या वाटेने नेतो. अंधारातून द्रौपदीचे आणि भावांचे आवाज येतात. तू येथे आहेस तोवर आम्हाला बरे वाटते, जरा थांब, अशी विनवणी ते करतात. तेव्हा धर्मराज दूताला परत पाठवितो आणि स्वतः तेथेच राहतो. हा प्रसंग म्हणजे त्याची अखेरची परीक्षा होती.

मार्कंडेय पुराणातील राजा विपश्चित ह्याची कथाही अशीच आहे. लहानशा दोषाबद्दल त्याला नरकाचे केवळ दर्शन घडविले जाते. तो परत निघतो तोच यातना भोगणारे जीव ओरडतात, की तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आमचा दाह शमतो. राजा जावयास नकार देतो. आपले सर्व पुण्य तो त्यांना देऊन टाकतो व ते सारे सुटतात. बौद्धांचा अवलोकितेश्वर अवीची नरकात उतरतो आणि तेथील आग शीतल होते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या सातव्या क्रमांकाच्या लेण्यात आठ भयांपासून लोकांना सोडविणाऱ्या ह्याच अवलोकितेश्वराचे शिल्प आहे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशू क्रुसावरील मृत्यूनंतर अधोलोकी उतरला, आणि पूर्वीच्या धर्मशील आत्म्यांना त्याने तेथून मुक्त केले. आठव्या शतकातील बसऱ्याची सूफी साध्वी राबिया एका हातात मशाल आणि एका हातात पाणी घेऊन निघाली होती, अशी आख्यायिका आहे. तिला जन्नत जाळावयाची होती आणि जहन्नम विझवावयाचा होता, म्हणजे मग लोभाने किंवा भीतीने कोणी देवाची भक्ती करणार नाही.

ह्या कथा सांगणारे लोक एकमेकांना ओळखत नव्हते. तरीही प्रत्येक धर्मातील सर्वांत मोठा माणूस त्यांनी कोठे उभा केला? यातना भोगणाऱ्यांच्या शेजारी.

संतांचा कौल

महाराष्ट्रातील संतांनी हाच सूर धरला. ज्ञानदेवांनी १२९० मध्ये भगवद्गीतेवर टीका रचली. त्या गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध व लोभ ह्यांना नरकाची तीन दारे म्हटले आहे. म्हणजे नरकाचे दार भूगोलात शोधावयाचे नसून मनात शोधावयाचे आहे. कल्याण नगरीत बाराव्या शतकात झालेल्या बसवेश्वरांनीही स्वर्ग-नरकाचा संबंध मनुष्याच्या आचाराशी जोडला. मराठवाड्यातील लिंगायत समाजात मृत्यूला ‘लिंगैक्य’ म्हणतात, तो ह्याच विचाराचा ठसा. परभणीच्या दर्ग्यावर दर फेब्रुवारीत उरूस भरतो. ‘उरूस’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ विवाह असा आहे. संताचा मृत्युदिन हा त्याच्या ईश्वराशी झालेल्या मीलनाचा दिवस मानावयाचा, आणि त्या उरुसाला सर्व जातिधर्मांची माणसे जातात. नांदेडला १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी देह ठेवला. तेथील गुरुद्वाऱ्याला लाभलेले ‘सचखंड’ हे नावच परलोकाच्या विचारातून आले आहे. गुरू नानकांनी साधकाच्या वाटेवरील पाच खंड सांगितले, त्यांतील शेवटचा सत्याचा खंड म्हणजे सचखंड.

पैठणच्या एकनाथांची गोष्ट महिपतीबुवांनी ‘भक्तविजया’त सांगितली आहे. श्राद्धाचा स्वयंपाक चालू असता वाटेने जाणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या भुकेल्या कुटुंबाला त्याचा वास आला आणि नाथांनी ते अन्न त्यांना वाढले. ब्राह्मणांनी बहिष्कार घातला, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन बसले, असे ही कथा सांगते. पितर खरोखर आले काय, ह्याचा निवाडा श्रद्धेने करावा. परंतु मेलेल्यासाठी शिजविलेले अन्न जिवंत भुकेल्याच्या मुखात पडले तरच ते पितरांना पोचते, हा कथेचा अर्थ निःसंशय आहे. तुकोबांनी तर मोक्षच नाकारला. संतांचा संग मिळणार असेल तर पुन्हा गर्भवास सोसण्याची त्यांची तयारी होती. ज्या जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्यासाठी शास्त्रांनी एवढा खटाटोप सांगितला, तो फेरा ह्या देहूच्या माणसाने आनंदाने मागून घेतला.

दाराबाहेर

परंतु इतिहास लिहावयाचा तर दुसरी बाजूही झाकता येत नाही. नरकाच्या भयाने अनेकांना पापापासून परावृत्त केले, हे खरे. त्याच भयाचा आणि पूर्वजन्मीच्या पापाच्या कल्पनेचा उपयोग माणसांना देवळाबाहेर ठेवण्यासाठीही झाला, हेही तितकेच खरे. तुझा जन्म हलका, कारण गेल्या जन्मीचे तुझे कर्म वाईट, असे ज्याला सांगितले त्याला दाद मागण्यास जागाच उरत नाही. शिक्षा आधी, आणि गुन्हा कोणता ते ठाऊक नाही! पुराणांतल्या यमानेही असा न्याय केलेला नाही. त्याच्यापुढे निदान वही तरी वाचली जाते.

चोखोबांना विठ्ठलाच्या राउळात पाऊल टाकता आले नाही. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळून त्याखाली मजुरांसह त्यांचा अंत झाला. परंपरा असे सांगते, की नामदेवांनी मंगळवेढ्यास जाऊन हाडांच्या ढिगातून ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले तेवढी हाडे चोखोबांची म्हणून वेचली व पंढरपुरी महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. त्यानंतर सहाशे वर्षे लोटली. ३ मार्चच्या सुमारास १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला व तो काही वर्षे चालूनही दार उघडले नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले, तेव्हा विठ्ठलमंदिर सर्वांस खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. मराठवाडा निजामी अमलातून १७ सप्टेंबर १९४८ रोजी सुटला, आणि २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान करणार नाही अशीही एक प्रतिज्ञा आहे. ज्या परलोकाच्या हिशेबाने इहलोकी माणूसपण नाकारले, तो हिशेबच ह्या समाजाने नाकारला. मराठवाड्यातील गावोगावच्या हजारो घरांनी ही प्रतिज्ञा पाळली आहे. त्यामागची वेदना समजून घेणे हे देवळात जाणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य होय.

पायरी

नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हे गाव १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते, आणि त्यांच्या घरी राहिलेल्या जनाबाई गंगाखेडच्या. ह्या मातीशी नामदेवांचे असे दुहेरी नाते आहे. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. एवढ्या थोर पुरुषाने मरणोत्तर कोणती जागा मागावी? त्यांनी वैकुंठ मागितले नाही. परंपरेनुसार १३५० मध्ये पंढरपूरच्या महाद्वारातील पायरीखाली त्यांनी समाधी घेतली. देवाच्या दर्शनाला जाणाऱ्या संतसज्जनांची पायधूळ आपल्या मस्तकी लागावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आजही वारकरी नामदेव पायरीवर पाय न देता माथा टेकून पुढे जातात, आणि समोर चोखोबांची समाधी आहे. एक दाराच्या पायरीखाली आणि एक दाराबाहेर, असे हे दोघे मित्र साडेसहा शतकांहून अधिक काळ एकमेकांसमोर आहेत.

देवळाच्या नव्या पायरीवर कोणाच्या तरी स्मरणार्थ अक्षरे कोरली जातात, तेव्हा त्या पुण्याचा पत्ता विचारण्यासाठी यमपुरीपर्यंत जाण्याचे कारण नाही. ज्याच्या नावे पायरी घातली, त्याच्या नावावरून उद्या गावातील प्रत्येकाचे पाऊल निर्धास्तपणे आत जाईल. म्हातारीला तिचा आधार वाटेल, पोर तिच्यावर बसून प्रसाद खाईल. ज्या दिवशी त्या पायरीवर एकालाही थांबविले जाणार नाही, त्या दिवशी तिच्यावर कोरलेले नाव सद्गतीस गेले असे खुशाल समजावे.